दोन पुरुष उंचीवरचं दार

आमच्या गावच्या गढीला खाली दार नव्हतं. हे वाक्य मी गेल्या दिवाळीत इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी माझा नवरा म्हणाला, "अगं, आता हारिस तेवढा राहिलाय, त्यालाही सांगून टाक." सांगितलं! हारिस म्हणजे इथे कुवेतमध्ये आमच्या मिरकाब भागातल्या जुनाट इमारतीचा रखवालदार. मातीची पोती लिफ्टने वर न्यायची होती, तेव्हा कशासाठी ते सांगावंच लागलं. मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्याने, आणि त्याला पटलं. आमच्या मराठी मंडळाच्या सचिवांना मात्र पटलं नाही. मला त्या गोष्टीचा राग आला होता, तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई फारच तडतडते.

मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माहेर मराठवाड्यातलं, सासर पुण्याचं. नवरा पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, स्वभावाने गोगलगाय. इथे कुवेतमध्ये आपली माणसं मोजकी, दर शुक्रवारी सुट्टीला त्यांचीच तोंडं बघायची, तेव्हा कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, हे त्याचं तत्त्व. माझं तत्त्व तसं नाही.

गेल्या वर्षी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी व्हिजिट व्हिसावर इथे आणलं होतं. अण्णा गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. गावाकडच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते, ते संपले, पुन्हा आणलेच नाहीत. का, तर "दुखत न्हवतं की बाई!" मी कपाळावर हात मारून घेतला. इथल्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. उरलेली म्हणजे नळीतून बघितल्यासारखी. समोरचा कप दिसायचा, शेजारची बशी दिसायची नाही.

दवाखान्यातून परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "बाई, गढी बांधून घे माझ्याकून. डोळ्यात हाय तवर."

मला एकदम कळलं त्यांना काय म्हणायचंय ते. गढीचा फोटो एकही नाही. चित्र नाही, नकाशा नाही. धड उभी गढी आठवणारी म्हातारी माणसं एकेक करून गेली, आणि तिच्यावर चढून आतून बघितलेले तर अण्णा एकटेच उरले. त्यांच्या डोळ्यांसमोर अंधार झाला की ती गढी कशी होती हे जगात कुणालाच माहीत राहणार नव्हतं. मी म्हटलं, "बांधू, अण्णा." नवरा गाडी चालवत होता, तो आरशातून माझ्याकडे बघून हसला. पुण्याच्या माणसाला किल्ला म्हटलं की आधी डोंगर लागतो.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर दिवाळीच्या किल्ले स्पर्धेची घोषणा आली. गावाकडे पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, वर महाराजांना बसवतात, अळीव पेरून हिरवळ करतात, तेच इथे प्लायवूडच्या फळीवर करायचं आणि शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये मांडायचं. एक गट घरच्या सगळ्यांनी मिळून करायचा होता. अण्णा हरखले. नुसती घरात बांधून काय उपयोग, म्हणाले, चार माणसांनी बघायला पाहिजे. वर पाटी पाहिजे, आणि ती कुणीतरी मोठ्यांदा वाचायला पाहिजे.

आता गढी म्हणजे काय, तर देशमुख-पाटलांचं मातीचं तटबंद घर. मराठवाड्यात गावोगाव होत्या. बऱ्याच गढ्यांना चार कोपऱ्यांत चार बुरूज आणि मधे वाडा असायचा. आमच्या गावची तशी नव्हती. ती जुनी, सुलतानांच्या वेळची म्हणायचे. भोवती बुटका तट, मधोमध एकच उंच चौकोनी बुरूज आणि त्याच्यातच राहायचं. तळाला काळे घडीव दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, वर जाईल तसा निमुळता होत गेलेला. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपायचा. आणि दार खाली नाहीच! दार दोन पुरुष उंचीवर, उगवतीच्या बाजूला. लाकडी शिडी लावून चढायचं. धाड आली, पेंढारी आले, की गाव आत घ्यायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची. खाली नुसती भिंत. पेंढाऱ्यांनी डोकं आपटलं तरी आत यायची सोय नाही.

किती हुशारी, नाही? मलाही लहानपणी वाटायचं. मग एकदा अण्णांनी उरलेली गोष्ट सांगितली. गाव आत घ्यायचं म्हणजे सगळं गाव नव्हे. आम्ही गावकुसाबाहेरचे. आमच्या माणसांनी त्या शिडीला हात लावायचा नाही. एका धाडीच्या दिवशी अण्णांचा खापरपणजोबा देशमुखांची गुरं हाकत हाकत गढीपाशी आला. गुरं तटाच्या आत घेतली. माणसं शिडीवरून वर गेली. त्याने खालून हाक मारली आणि शिडी वर गेली. तो तिथेच, त्या भिंतीला पाठ लावून मेला. आमच्या घरात ही गोष्ट कुणी रडून सांगत नाही. नुसतं म्हणतात, "शिडी वडून घेतली." कुणी ऐनवेळी दगा दिला, पाठ फिरवली, की आमच्याकडे अजून तेच म्हणतात.

मग अशी गढी गेली तर गेली, असं वाटेल. माझा चुलतभाऊ फोनवर तेच म्हणाला, "पडली ते लई बेस झालं. आपल्याला कुठं आत घेत होते?" मी फोन स्पीकरवर ठेवला होता. अण्णा पलंगावरून उठून बसले.

"पडली म्हणून आपण आत गेलो का रे?" ते म्हणाले. "आता इचारतेत, कशाच्या बाहेर ठिवलं व्हतं तुम्हाला? दाखवा. काय दाखवशील? मोकळं रान?"

गढी ही देशमुखांची शान असेल, आमच्यासाठी ती साक्षीदार होती आणि साक्षीदारालाच गावाने मारून टाकलं होतं.

कसं मारलं तेही ऐका. देशमुखांची मंडळी शहरात गेली, आपसात भांडत बसली, गढी बेवारस झाली. आमच्याकडे माळवदाची घरं. पावसाळ्याच्या तोंडावर छतावर पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर घर गळतं. ही माती रानातली चालत नाही, जुनी मुरलेली लागते, म्हणजे गढीची. दर उन्हाळ्यात लोक कुदळी घेऊन यायचे आणि गाढवांवर गोण्या लादून माती न्यायचे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गळक्या घरात बसून इतिहास जपा, असं मी कुणाला सांगणार नाही. पण तळाचे काळे दगड कुठे गेले? ते काय छतावर टाकले? ते गावातल्या बड्या लोकांच्या कंपाउंडला लागले, अजून आहेत, कुणीही जाऊन बघावं. बुरूज तरीही अर्धा उभा होता. अण्णा लहानपणी त्याच्यावर चढले, मालक नव्हते, अडवायला कुणी नव्हतं. दाराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी खाली बघितलं, जिथे खापरपणजोबा बसला होता तिथे. पुढे गुरुजी झाल्यावर दरवर्षी चौथीच्या पोरांना घेऊन जायचे आणि गढीची गोष्ट सांगायचे, पूर्ण सांगायचे, शिडीसकट. काही पालकांना ते आवडायचं नाही.

आणि मग एक दिवस जेसीबी आला. माती वीटभट्टीला जाणार, जागा सपाट होणार, तिथे सभागृह होणार. अण्णा तालुक्याला गेले, जिल्ह्याला गेले. साहेबांनी सांगितलं, संरक्षित वास्तूंच्या यादीत ही गढी नाही. यादीत नाही म्हणजे जुनी नाही! डोंबल तुमचं! तुम्ही कधी गावात येऊन बघितलं नाही म्हणून ती यादीत नाही, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला कोण सांगणार? अण्णा परत येऊन जेसीबीपुढे उभे राहिले. सरपंच लोकांसमोर म्हणाले, "गुरुजी, तुमच्या बापाची गढी हाय का?" सगळे हसले. त्या हसण्यात काय होतं ते आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. अण्णा घरी आले आणि त्यांनी अंगणातल्या रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले. मी तेव्हा नर्सिंग सोडून लॅबचा कोर्स घेतला होता, सुट्टीला घरी होते. त्या दिवशी त्यांना काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. सभागृह अजून झालेलं नाही. बाभळी माजल्यात तिथे.

तर अशी गढी आम्हाला कुवेतमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बांधायची होती. इथली माती म्हणजे वाळू. ओली असेपर्यंत उभी राहते, वाळली की घसरते. राई नावाच्या भागातल्या नर्सऱ्यांत फिरून कुंड्यांची काळी चिकट माती आणली. तिथल्याच टाइल्सच्या दुकानांतून फुटके काळे तुकडे मागून आणले, तळाच्या दगडांसाठी. माती धरून राहायला भुसा पाहिजे, असं अण्णांनी सांगितलं. भुसा कुठून आणायचा? नवरा शुक्रवारी सकाळी सुलैबियाला गुरांच्या चाऱ्याच्या दुकानात गेला आणि गाडीच्या डिकीत एक पेंढी घेऊन आला. गाडीत महिनाभर गोठ्याचा वास येत होता. पुण्याचा माणूस, पण गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ह्याला गढी लागली आहे.

अण्णांची पद्धत अशी. त्यांना आख्खा बुरूज एका वेळी दिसायचा नाही, तेव्हा ते एकेका कोपऱ्यासमोर स्टूल टाकून बसायचे आणि बोटांनी चाचपत सांगायचे. "लई सरळ घेतलीस बाई. पोट काढ जरा. खाली रुंद, वर निमूळ." मी पोट काढायचे. "आता लई सुटलं!" नवरा जोरात हसायचा. मग त्याने लाकडी पट्टीचा एक तिरका साचा केला, तो भिंतीला लावला की उतार सगळीकडे सारखा यायचा. अण्णांनी साच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, मिस्त्री व्हता तुम्ही मागल्या जन्मी." माझी कॉलेजातली लेक येता-जाता "इट्स सो टॉल!" म्हणून मोबाइलवर फोटो काढायची. तिला मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत येतं, ते असो.

दाराशी आलो तेव्हा अण्णांनी सगळ्यांना बाजूला केलं. भिंत अजून ओली होती. त्यांनी उगवतीची बाजू कुठली ते विचारून घेतलं, तळापासून वीतभर मोजत वर गेले आणि अंगठा आत दाबला. "हितं." मी चाकूने तेवढं भोक कोरलं. शिडी मी कबाबच्या काड्यांची केली, दोऱ्याने बांधून. अण्णांनी ती हातात घेतली, पायऱ्यांवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

पाटीवर मी स्वतः लिहिलं. गावाचं नाव, आणि खाली, 'राहता बुरूज. दार दोन पुरुष उंचीवर. धाड आली की शिडी वर ओढून घेत. गावकुसाबाहेरची माणसं खालीच राहत.' नियमाप्रमाणे मजकूर आधी मंडळाला पाठवला. संध्याकाळी सचिवांचा फोन.

"वहिनी, कल्पना छानच हो! पण हा महाराजांचा किल्ला नाही ना?"

"नाही. देशमुखांची गढी आहे."

"देशमुख कुणाच्या चाकरीत?"

"ज्याचं राज्य त्याच्या. त्यांना कुठे निवड होती?"

"म्हणजे सुलतानांच्या! अहो, मग आपल्या स्पर्धेत कशी बसणार? आणि ते शेवटचं वाक्य... दिवाळी आहे, पाहुणे येतात, लहान मुलं येतात. सणासुदीला कशाला जुनं उकरून काढायचं? आपल्या मंडळात तर कुणी असलं काही मानतही नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्ही मानत नाही, फार उपकार झाले. पण मग वाक्य वाचायला तुमची जीभ का अडखळते? मी तसंच म्हटलं. ह्याच शब्दांत म्हटलं. नवरा पलीकडून हातांनी 'हळू, हळू' करत होता. सचिव नरमले. "बरं, आणा तुम्ही. बसवू आपण," ते म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

शुक्रवारी सकाळी हाफ लॉरी, म्हणजे छोटा टेम्पो, करून गढी हॉलवर नेली. आजूबाजूला रायगड, प्रतापगड, थर्मोकोलच्या लाटांतला सिंधुदुर्ग. पोरांनी मन लावून केलेले होते, छान होते. मधे आमची बोडकी मातकट गढी. पाटी लावली, शिडी दाराला टेकवली. अण्णांच्या थेंबांची वेळ झाली होती आणि त्यांना जास्त वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून आम्ही जेवायला घरी आलो. कार्यक्रम दुपारी होता.

परत आलो आणि हॉलच्या दारातूनच मला आमचं टेबल दिसलं. एक क्षण वाटलं, आपली फळी हलवून तिथे दुसऱ्याची ठेवली. मग तळाचे काळे टाइलचे तुकडे ओळखू आले.

बुरुजाभोवती हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पसरला होता. मराठवाड्यात हिरवळ! वर महाराजांची मूर्ती, भगवा झेंडा, कडेने मावळे. आमचं कोरलेलं दार मातीने लिंपून टाकलेलं, आणि खाली, अगदी तळाशी, काळे दगड उपटून कमान केलेली आणि त्यात पुठ्ठ्याचा ऐसपैस महादरवाजा, दोन्ही बाजूंना पणत्या. माझी पाटी नव्हती. तिच्या जागी सगळ्यांना माहीत असलेल्या एका डोंगरी किल्ल्याचं नाव छापलेली चकचकीत पाटी. शिडी कुठेच नव्हती.

सचिव लगबगीने आले. तोंडावर हसू. "वहिनी, किती काम अर्धवट ठेवलं होतंत! परीक्षक यायच्या आत आमच्या कार्यकर्त्यांनी पूर्ण केलं. अहो, दारच करायचं विसरला होतात तुम्ही!"

खोटं कशाला बोलू, माझा हात उठला होता. नवऱ्याने तो धरला. सगळ्यात चीड कशाची आली सांगू? त्या माणसाच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की त्याने आमच्यावर उपकार केले. बाहेर ठेवलेल्यांची गोष्ट नको म्हणून त्याने मोठं दार करून दिलं, त्यात पणत्या लावल्या, आणि झालं! दोनशे माणसांच्या हॉलमध्ये ते दार कुणालाच खटकत नव्हतं. काही जण तर त्याच्याशी उभं राहून फोटो काढत होते. तालुक्याच्या साहेबांनी गढी यादीतून गायब केली, सरपंचांनी जमिनीवरून गायब केली, आणि ह्यांनी ती जागेवर उभी ठेवून गायब केली. हे जास्त सोपं असतं.

"काय झालं गं?" अण्णा म्हणाले. ते माझा दंड धरून उभे होते, समोरचा गलका ऐकत होते. टेबल अजून लांब होतं, त्यांना दिसत नव्हतं. मी शब्द जुळवत होते तोवर माइकवरून निकाल सुरू झाला. कौटुंबिक गट, दुसरा क्रमांक, आणि त्या डोंगरी किल्ल्याचं नाव. मग आमचं आडनाव. टाळ्या.

अण्णांनी मान माझ्याकडे वळवली. "नाव आपलं घेतलं ना? मंग किल्ला कंचा म्हणले?"

"अण्णा, त्यांनी बदलली आपली गढी," मी म्हटलं. "सगळी बदलली."

"चल. दाखव."

मी त्यांना टेबलापाशी नेलं. लोकांना वाटलं म्हातारबा बक्षीस घ्यायला निघाले, त्यांनी कौतुकाने वाट दिली. अण्णांनी दोन्ही हात बुरुजावर ठेवले. वरपासून खाली येत गेले. मूर्तीला बोटं लागली तशी त्यांनी हात जोडले. मग उगवतीच्या भिंतीवर अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. भोक नव्हतं. बोटं खाली उतरली आणि कमानीत गेली. पुठ्ठ्याचा दरवाजा कुरकुर करत आत उघडला.

सचिव चषक घेऊन आमच्याकडेच आले होते. वाकून, प्रेमाने म्हणाले, "आजोबा, तुमच्या पूर्वजांची ना ही गढी? किती अभिमान वाटत असेल!"

"माझ्या पूर्वजांची नाही," अण्णा म्हणाले. घरी ते गावचं बोलतात, पण हे त्यांनी शाळेतल्या भाषेत म्हटलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "माझा खापरपणजोबा हिच्या पायथ्याशी मेला. दार वर होतं आणि शिडी ओढून घेतली होती. तुम्ही खाली दार केलंत, साहेब. एवढं मोठं दार असतं, तर तो कशाला मेला असता?"

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. सचिव म्हणाले, "अहो आजोबा, पण ते आता फार जुनं..."

"जुनंच आहे," अण्णा म्हणाले. "म्हणून तर बांधलं."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, बुजव ते दार."

मी पर्समधली पाण्याची बाटली काढली. हिरवा भुसा बाजूला सारून फळीवरची माती भिजवली. आणि माझा नवरा, कुणाशी वाकडं न घेणारा माझा नवरा, रेशमी कुर्त्यात गुडघ्यावर बसला. त्याने आधी महाराजांना दोन्ही हातांनी उचलून शेजारच्या समईपाशी नीट बसवलं. मग पुठ्ठा उपटला आणि कमानीत चिखल भरायला लागला. सचिव म्हणत होते, "अरे, तू तरी समजून घे." नवऱ्याने वर बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या हातातला चषक तसाच राहिला.

अण्णा पुन्हा वरचं दार शोधत होते. लिंपलेली भिंत वाळून सगळीकडे सारखीच लागत होती. बोटं इकडे जायची, तिकडे जायची. त्यांच्या कपाळावर घाम आला. "कुठं व्हतं गं?" ते म्हणाले, आणि त्यांना खरंच सापडत नव्हतं.

मला मात्र डोळे मिटूनही सापडलं असतं. मी त्यांचा अंगठा धरला, तळापासून वीतभर मोजत वर नेला आणि दाबला. "इथं, अण्णा."

"व्हय," ते म्हणाले. "हितंच."

मी गाडीच्या किल्लीने माती खरवडून दार मोकळं केलं. तोवर नवरा टेबलाखालच्या कचऱ्याच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून चहाचे कागदी कप उपसत होता. शिडी निघाली. एक पायरी मोडली होती. चुरगळलेली माझी पाटीही निघाली, ती त्याने मांडीवर ठेवून सरळ केली आणि उभा राहून मोठ्याने वाचली, शेवटच्या वाक्यासकट. मग शिडी पुसून भिंतीला टेकवायला गेला.

अण्णांनी त्याचा हात चाचपत धरला. "लावू नका, जावईबापू," ते म्हणाले. "आत ठिवा. त्या दिवशी ती वरच व्हती."

नवऱ्याने शिडी त्या भोकातून हळूहळू आत सरकवली. खाली आता नुसती भिंत होती.